‘आशावादी माणूस १५ टक्के जास्त जगतो’ या मेसेजबद्दल खुलासा
पेरणीच्या तोंडावर मराठवाड्यातल्या शेतकरी ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘आशावादी माणूस १५ टक्के जास्त जगतो, हे सिद्ध झालंय. दुबार पेरणीचा विचारही मनात आणू नका.’ पहिलं वाक्य अर्धवट आहे, दुसरं घातक.

अभ्यास २०१९ चा, अमेरिकेतल्या परिचारिका आणि माजी सैनिकांचा. सर्वांत आशावादी गटाचं आयुर्मान सरासरी ११ ते १५ टक्के जास्त दिसलं. पण आशेमुळेच ते वाढलं, हे त्यातून सिद्ध होत नाही.

वाईटाचा अंदाज घेणं म्हणजे निराशा नव्हेच. घरचं सोयाबीन पेरण्याआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, आठवड्याने मोजायचे. सत्तरच्या खाली उगवले तर बियाणं वाढवायचं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरायची नाही. ही काळजी पेरणी वाचवते, ती कुणीही सोडू नये.

खरी निराशा वेगळी असते. घरातलं माणूस ‘आता काही खरं नाही’ म्हणत जेवण टाकू लागलं, रात्र रात्र जागू लागलं, तर त्याला असले मेसेज पाठवू नका. जवळ बसा, बोलतं करा आणि १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या) मोफत क्रमांकावर फोन लावून द्या.