कोळ्याची चाल आणि टो-बॉलचं वजन

गुडघा सुजलाय, डाव्या कोपराचं सालटं निघालंय, बुटांतली लाल माती तीनदा धुवूनही निघत नाहीये, पण यातल्या कशाचाच मला राग नाही. राग आहे तो त्या पांढऱ्या दाढीच्या, अर्ध्या चड्डीतल्या आजोबांचा, आणि तो काही केल्या जात नाहीये.

जुलैमधली शाळेची सुट्टी, भाड्याची कॅराव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर), पर्थहून करिजिनी, म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियातलं दऱ्यांचं राष्ट्रीय उद्यान, साधारण १४०० किमी, एवढं पुरे. सकाळी फर्न पूलला, तिथल्या डोहावर, जाऊन आलो, तिथे सगळं गोग्गोड झालं. बंजिमा या तिथल्या मूळनिवासी लोकांची ती मानाची जागा, उड्या मारू नका, आरडाओरडा करू नका असं लिहिलंय, आणि आमचा अकरा वर्षांचा चिरंजीव आयुष्यात पहिल्यांदा वीस मिनिटं गप्प बसला. तेवढ्यावर परत यायला हवं होतं. पण मी बायकोला म्हणलं, अगं आपण सांधण दरी केलीय, ही हॅन्कॉक गॉर्ज, म्हणजे दरीच, काय चीज आहे! सांधण केली होती २००३ साली, तेव्हा माझं वजन ६२ होतं, हा तपशील मी सोयीस्कर गाळला.

इथे वाटांना अवघडपणाचे नंबर असतात. हॅन्कॉकची वाट पाच नंबरची, त्याच्या पुढे दोरीवाल्यांचं राज्य. आधी दगडी उतार, मग लोखंडी शिड्या, मग बर्फासारखं पाणी, कारण तळाशी ऊन येतच नाही. भिंती लाल-काळ्या पट्ट्यांच्या, लोखंडी दगड, सुमारे २५० कोटी वर्षं जुना. आपला सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटींचा, म्हणजे यांच्यापुढे शेंबडं पोर. पण आपला कातळ बुटाला धरतो हो. हा दगड ओला झाला की साबण.

शेवटी येतो स्पायडर वॉक. घळ इतकी अरुंद होते की खालून पाणी वाहतं आणि आपण दोन्ही भिंतींना हात-पाय टेकवून कोळ्यासारखं अधांतरी सरकायचं. पोरगं सरकलं, बायको सरकली, मी मध्यावर जाऊन थांबलो. थांबलो म्हणजे अडकलो. उजवा पाय पुढे जाईना, डावा मागे येईना, खाली पाणी वाहतंय आणि मी भिंतीवरच्या पालीसारखा ताणलेला. त्याच वेळी मागून आवाज आला.

"मेट, सिंगल ॲक्सल की टँडम?"

म्हणजे चाकांची एक जोडी की दोन. मला वाटलं माझ्या पायांबद्दल विचारतोय. कशीबशी मान वळवली तर आजोबा, पंचाहत्तरी सहज ओलांडलेली, दोन भिंतींच्या मध्ये असे निवांत टेकलेले की जसे पारावर बसलेत.

"कॅराव्हॅन रे तुझी. काल संध्याकाळी डेल्स कॅम्पग्राउंडला रिव्हर्स घेत होतास तो तूच ना?"

हो, तो मीच. ज्यांनी इथे कॅराव्हॅन मागे घेतलेली नाही त्यांना ही वेदना कळणार नाही. तुम्ही कॅम्पग्राउंडमध्ये शिरता आणि आसपासचे सगळे निवृत्त लोक आपापल्या घडीच्या खुर्च्या तुमच्या दिशेने वळवतात. हातात बिअर, तोंडाने चकार शब्द नाही. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की मागचं धूड उजवीकडे जातं, बायको हातवारे करते ते कुठल्याच देशात चालत नाहीत, आणि सातव्या प्रयत्नाला गाडी बसली की कुणीतरी एकटाच टाळ्या वाजवतो. म्हणजे ते टाळीवाले हेच.

"टँडम," मी म्हणलं. मांड्या थरथरत होत्या.

"बॉलवेट किती?"

"काय?"

"टो-बॉलवर, गाडीच्या मागच्या त्या गोळ्यावर जिथे कॅराव्हॅन अडकवतोस, वजन किती येतंय? एकूण वजनाच्या दहा टक्के तरी पाहिजे. तुझं शेपूट जड दिसतंय."

आता मी ज्या अवस्थेत होतो, आणि ते ज्या बाजूने बघत होते, त्यात शेपूट हा शब्द मला लागला.

"मागे काय भरलंयस?"

"मागे तुम्ही आहात, काका."

हे त्यांना विनोद वाटलंच नाही. पलीकडून बायकोने, जिचा या संभाषणाशी काडीचा संबंध नव्हता, ओरडून सांगितलं, "टेन केजी राइस! अँड वॉटर कॅन्स!" आजोबांनी जीभ चट्ट केली. मग मला समजावून सांगितलं, मी लटकलेला असताना, की मागे वजन असलं की कॅराव्हॅन डुलायला लागते, रोड ट्रेन, म्हणजे तीन-चार ट्रेलर जोडलेला लांबलचक ट्रक, शेजारून गेली की हवेचा धक्का बसतो, डुलणं वाढत जातं आणि कुत्रं जसं शेपटी हलवतं तसं शेपूट कुत्र्याला हलवायला लागतं. समोरून परत येणारे चार जण खोळंबलेले, तेही माना डोलवतायत. एकाने स्वतःचं बॉलवेट सांगितलं.

"कुठून आलात?"

"पर्थ."

"नाही, त्याच्या आधी?"

आता इथे मी हसतो, नेहमी हसतो. एकोणीस वर्षं टॅक्स भरतोय, पोराचा जन्म पर्थचा, शेजाऱ्यांचा कचऱ्याचा बिन मी बाहेर काढतो, तरी हा "त्याच्या आधी" काही सुटत नाही. त्यांच्या मनात वाईट काही नसतं, माहितीय, म्हणून तर नीट चिडताही येत नाही. अधांतरी लटकून तर नाहीच नाही. "पुणे," मी म्हणलं. ते म्हणाले, "क्रिकेट!" आणि एका तळव्याने माझ्या पार्श्वभागाला असा काही नेमका रेटा दिला की मी दीड मीटर पुढे जाऊन घळीच्या टोकाच्या केरमिट्स पूल या डोहाच्या काठावर गुडघ्यावर आदळलो. पोरगं टाळ्या वाजवत होतं. ते बेणं कुणावर गेलंय कळत नाही.

त्या पूलच्या पुढे बिगर-गाइड जाऊ देत नाहीत. तिथून पुढे आहे रीगन्स पूल, २००४ साली अडकलेल्या माणसाला सोडवायला गेलेला एक स्वयंसेवक पुरात गेला, त्याचं नाव दिलंय. हेही आजोबांनीच सांगितलं, पहिल्यांदाच आवाज खाली आणून. मग दोन मिनिटं कुणीच काही बोललं नाही. मग ते म्हणाले, "संध्याकाळी काटा घेऊन येतो."

आणि आले. सहा वाजता, मी गुडघ्यावर हळद लावून बसलेलो, हे हातात बॉलवेटचा काटा घेऊन हजर, मागे त्यांचे खुर्चीवाले दोस्त. २२०० किलोची कॅराव्हॅन, बॉलवर भरले ११० किलो. अहाहा, काय तो आनंद त्या चेहऱ्यांवर! पुढचा पाऊण तास पाच परके म्हातारे आमचा संसार बेडखालून उपसून पुढे लावत होते: तांदूळ, आशीर्वाद आट्याची पिशवी, कुकर, पाण्याचे दोन कॅन, पोराची क्रिकेट किट. कुकर हातात घेऊन एकाने विचारलं, हे प्रेशर टेस्टिंगचं का? बायकोने त्यांना चहा पाजला, आलं घालून. मला कपही उरला नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रेट नॉर्दर्न हायवेवर ५० मीटरपेक्षा लांब रोड ट्रेन धडधडत शेजारून गेली आणि कॅराव्हॅन हलली नाही. अजिबात नाही. येताना दर वेळी बायको देवाचं नाव घ्यायची, आता ती फक्त माझ्याकडे बघून "हं" म्हणाली. मी एसी वाढवला.

रोडहाऊसवर डिझेलच्या रांगेत आजोबांची गाडी आमच्या मागे येऊन लागली. मी खाली उतरलो, लंगडत, म्हणलं आता आभार मानून टाकावेत, काय जातंय. ते काच खाली करून हसले, हात हलवला. मी हात वर केला. मग कळलं, ते माझ्या पलीकडे, गाडी आणि कॅराव्हॅनच्या जोडाकडे, कपलिंगकडे बघत होते.