हुशार मुलांची वेगळी काळजी कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

प्रज्ञावान मुलांच्या शिक्षणावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभारी आहे. आपले मुख्य आक्षेप तीन आहेत. हुशार मूल कुठेही आपले आपण शिकते, त्यामुळे शाळेची खरी गरज मागे पडणाऱ्यांना आहे. अशा मुलांसाठी सोय करणे म्हणजे ज्यांच्याकडे आधीच भरपूर आहे त्यांच्याच पदरात आणखी टाकणे. आणि इयत्ता ओलांडून पुढे बसवलेल्या मुलाचे बालपण हिरावले जाते. यांतला दुसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, म्हणून त्यावर अधिक लिहिते.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. असे मूल माहिती आपली आपण मिळवते हे खरे. अडले असता चिकाटीने बसून मार्ग काढणे मात्र ते आपोआप शिकत नाही, कारण वर्गात त्याला अडायला होतच नाही. दुसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी चालू असते. बाई सांगतात, पाचातून आठ जात नाहीत. एक मुलगी हात वर न करताच म्हणते, "जातात की, तीन उणे होतात." वर्ग हसतो आणि तिला गप्प बसायला सांगितले जाते. मग त्याच पद्धतीची वीस उदाहरणे सोडवायची असतात. तिची पहिली सहा अचूक येतात, पुढे अंक उतरवण्यात चुका सुरू होतात आणि शेवटच्या उदाहरणांच्या जागी समासापर्यंत काढलेली नक्षी असते. वही तपासताना शेरा मिळतो : निष्काळजी. लीटा हॉलिंगवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच नोंदवून ठेवले होते की, सामान्य प्राथमिक शाळेत १४० बुद्ध्यंकाच्या (आयक्यू; सरासरी १००) मुलांचा निम्मा वेळ वाया जातो आणि १७० च्या वरच्यांचा जवळजवळ सगळाच. ही मुलगी पुढे चौदा-पंधराव्या वर्षी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने अडली, की आपण मुळात हुशार नव्हतोच असा निष्कर्ष काढून तो विषयच सोडून देण्याची शक्यता असते, आणि तेव्हा त्याचा दोष कोणी दुसरीतल्या वहीला देत नाही.

तिची वाढही सरळ रेषेत होत नसते. तर्क अकरा वर्षांच्या मुलाचा, हात सात वर्षांचा आणि रडणे पाच वर्षांचे, असे एकाच अंगात नांदत असते. तोंडाने लांबलचक गोष्ट रचणाऱ्या मुलीच्या कागदावर चारच वाकड्या ओळी उतरतात, आणि ती कागद फाडते. "एवढी हुशार असून रडतेस काय?" हा प्रश्न तिला विचारला जातो, पण तिच्या रडण्याचे कारण नेमके त्या हुशारीत आणि हाताच्या वेगात पडलेल्या अंतरात असते. त्यातच एखाद्या मुलाला वाचनाची अक्षमताही असली, तर हुशारी अक्षमतेला झाकते, अक्षमता हुशारीला झाकते आणि मूल दोन्ही बाजूंनी 'साधारण' ठरते.

आता न्यायाचा मुद्दा. अशा सोयीसाठी मुले निवडण्याच्या पद्धतीवरचा आपला अविश्वास रास्त आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये सुरू केलेल्या, हुशार मुलांच्या प्रसिद्ध अभ्यासात सुमारे दीड हजार मुले निवडली गेली. त्यांतली बरीचशी आधी शिक्षकांनी सुचवलेली होती. विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ या दोघांचीही तेव्हा चाचणी झाली होती आणि दोघेही गाळले गेले; पुढे १९५६ आणि १९६८ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पण यावरून निघणारा धडा सोय बंद करण्याचा नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या एका मोठ्या शालेय विभागात पूर्वी पालक किंवा शिक्षक ज्यांची नावे सुचवत त्यांचीच तपासणी होई. २००५ पासून दुसरीतल्या सर्वच मुलांची प्राथमिक चाचणी घेतली जाऊ लागली, तेव्हा गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक मूळ असलेल्या) घरांतील कितीतरी मुले नव्याने निवडली गेली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा ज्युलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी हे तपशिलाने मांडले आहे. पुढे निधी आटल्यावर ती चाचणी थांबली आणि जुनी विषमता परत आली. म्हणजे शाळेने हात काढून घेतला तर सुस्थितीतल्या घराचे काही अडत नाही, तिथे पुस्तके, शिकवण्या आणि वेळ असलेले पालक असतात. अडते ते ज्या मुलाची हुशारी घरात कोणाला ओळखू येत नाही त्याचे.

एका बाबतीत मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे : 'प्रज्ञावान' हा बिल्ला मिरवण्याचे प्रकार बंद व्हावेत. अडीच वर्षांच्या बाळाकडून राजधान्या म्हणवून घेऊन त्याचे व्हिडिओ फिरवणे हे पाठांतराचे प्रदर्शन आहे, प्रज्ञेचा पुरावा नाही. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये प्रज्ञेची व्याख्या करताना सरासरीहून अधिक क्षमतेच्या जोडीला सर्जनशीलता आणि कामाला चिकटून राहण्याची वृत्ती यांनाही तितकेच महत्त्व दिले, ते मला पटते.

बालपणाबद्दल थोडक्यात. शिक्षणसंशोधक मिराका ग्रॉस यांनी ऑस्ट्रेलियातील १६० हून अधिक बुद्ध्यंकाच्या साठ मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. त्यांत मैत्रीच्या बाबतीत जास्त हाल झाले ते समवयस्कांतच ठेवलेल्यांचे; बऱ्याच इयत्ता पुढे गेलेली मुले बहुतांशी रुळली. प्रत्येक हुशार मुलाला पुढे ढकलावे असा याचा अर्थ मी काढत नाही.

शेवटी आपण विचारले आहे की, चाळीस मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षिकेने काय काय करायचे? एक करता येते. स्वाध्यायातली सर्वांत कठीण पाच उदाहरणे आधी सोडवण्याची मुभा सर्वांना द्यावी. ज्याची चार बरोबर आली त्याला उरलेली माफ, आणि त्या वेळात त्याने अधिक अवघड प्रश्न घ्यावा. ज्याची आली नाहीत तो नेहमीच्या क्रमाने जाईल. यात कोणावर शिक्का बसत नाही. मात्र तीन-चार इयत्ता पुढचे गणित समजणाऱ्या मुलाला हे पुरणार नाही. त्याला त्या तासापुरते वरच्या वर्गात बसवावे लागेल, आणि त्यासाठी दोन वर्गांच्या गणिताच्या तासांची वेळ एकच ठेवण्याची खटपट मुख्याध्यापकांना करावी लागेल.