उंटाला एरंडेल

नवीन वस्तू जुनी दिसायला लावणं किती अवघड असतं ते ज्याला कळत नाही त्यानं एकदा १९१७ सालच्या लढाऊ विमानाचं मॉडेल करून बघावं, आणि तेही बेळगावात, वडगावातल्या आमच्या घरात, जिथं आमच्या मातोश्री दारात स्कूटर दिसली की फडकं मारतात, मग ती शेजाऱ्याची का असेना.

विमान म्हणजे सॉपविथ कॅमल. पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं, वर एक खाली एक असे पंख, लाकडी सांगाडा आणि त्यावर कापड. पुढं दोन मशीनगन आणि त्यांच्यावर पत्र्याचा उंचवटा, म्हणून कॅमल. खरं विमान साडेआठ मीटर रुंद, माझं बहात्तरास एक, म्हणजे पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बारा सेंटीमीटरपण नाही. कुरिअरवाल्यानं "एन ऐत्री इदराग?" असं कानडीत विचारलं, मी विमान म्हटलं, त्यानं डबा कानाजवळ नेऊन खुळखुळा वाजवल्यासारखा हलवला आणि हसत गेला.

चिकटवाचिकटवी झाली पटकन. मी दिवसभर उद्यमबागेत क्वालिटीला असतो, मायक्रोमीटर हातातच असतो, त्यामुळं पंख सरळ बसवण्यात मला कुणी शिकवू नये. खरी परीक्षा तारांची. दोन पंखांच्या मधे खांबांना धरून तारा ताणलेल्या असतात, त्यातल्या काही दुहेरी, आणि त्या नसल्या तर विमान अर्धवट दिसतं. आता हिशोब करा, खरी तार सहा मिलीमीटरची धरली तर बहात्तरनं भागून येतात ०.०८. म्हणजे माणसाचा केस. आणि तार पोलादी, म्हणजे केस पांढरा पाहिजे. घरात पांढऱ्या केसांची खाण एकच, आणि फणीतला केस मागितल्यावर त्या खाणीनं माझ्याकडं जे बघितलं ते मी विसरणार नाही.

"कुणावर करणी करूलालास रे?"

करणी नाही म्हणून पटवण्यात संध्याकाळ गेली. पण केसाचा स्वभाव असा की हवेत दमटपणा वाढला की तो लांबतो, जुन्या हायग्रोमीटरमध्ये माणसाचा केसच वापरायचे ते त्याचसाठी, आणि आमच्याकडं जुलैत हवा कमी आणि पाणी जास्त असतं. नमुना म्हणून एक केस ताणून ठेवला होता, तो सकाळी झोळीसारखा लोंबत होता. केस बाद. मग शिवणकामाचा पारदर्शक नायलॉन, त्यातला बारक्यातला बारका, आणि तो चिकटवून झाल्यावर जवळून पेटती उदबत्ती फिरवायची, लागू द्यायची नाही, नुसती धग, की नायलॉन आकसून ताठ होतो. घरभर चंदनाचा वास. बायको बाहेरून आली आणि चप्पल काढताकाढताच म्हणाली, "अहो, आज काय आहे? मला सांगायचं तरी, नारळ आणला असता."

शेजारचे मामा बघायला आले. मामांचं सगळं आयुष्य मागावर गेलंय, शहापूर-वडगावात असली माणसं गल्लीगल्लीत मिळतील. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, विमान कुठलं, लढाई कुठली, काही विचारलं नाही, पाच मिनिटं नुसतं बघत राहिले आणि म्हणाले, "डावीकडचा ताणा सैल हाय." होता. पुन्हा उदबत्ती.

मग रंग. वरचा रंग म्हणजे त्या काळचा पीसी-१०, डोपमध्ये, म्हणजे कापड ताठ करायच्या लेपात, पिवळी माती आणि काजळी कालवून केलेला, आणि तो नक्की खाकी की हिरवट की चॉकलेटी यावरून मॉडेल करणारी माणसं वर्षानुवर्षं भांडत आलेली आहेत. मी आपला मधला धरला. बायकोनं बघून एका शब्दात वाद मिटवला, "शेणी." (खोटं का बोला, वाळलेली शेणी शेजारी ठेवली तर फरक सांगता येत नाही.) वर मॅट वार्निश मारायचं तर पाऊस थांबायला पाहिजे, दमट हवेत ते पांढरट धरतं. पाऊस थांबायची वाट बघणं हा बेळगावात छंद नव्हे, अध्यात्म आहे.

आणि आता मुख्य कार्यक्रम, घाण करणे. हे काम बरीच माणसं चुकीचं करतात असं माझं ठाम मत. स्पंज घेऊन जिथंतिथं रंग उडाल्याचे चंदेरी ठिपके मारत सुटतात, अरे बाबा ते कापड आहे, कापडाखाली चांदी कुठली आली! रंग उडेल तो पुढच्या पत्र्यावर, बाकी कापडावर ठिगळं, मळ आणि तेल. प्रत्येक डागाला कारण पाहिजे. लेकीनं कुठूनतरी हरदित सिंग मलिकांची गोष्ट ऐकलेली, हाच कॅमल उडवणारे आपले वैमानिक, ऑक्टोबर १९१७ मध्ये त्यांच्या विमानाला चारशेच्या वर गोळ्या लागल्या म्हणतात, पायात गोळ्या घेऊन खाली उतरले आणि जगले, पुढं स्वतंत्र भारताचे राजदूत झाले. "पप्पा, मग भोकं पाड की!" जर्मन गोळी ७.९२ मिलीमीटर, भागिले बहात्तर, ०.११. तिला म्हटलं पाडलीत, दिसत नाहीत. तिनं मान्य केलं.

तेलाची गोष्ट मात्र आईला सांगायला नको होती. कॅमलचं इंजिन रोटरी, म्हणजे पंख्याबरोबर अख्खं इंजिनच गरगर फिरतं, नऊच्या नऊ सिलिंडर, आणि त्याला वंगण म्हणून एरंडेल, कारण एरंडेल पेट्रोलमध्ये विरघळत नाही. वापरलेलं तेल परत टाकीत जात नाही, जळक्या धुराबरोबर बाहेर, विमानाच्या पोटावर आणि थोडं वैमानिकाच्या तोंडावर. त्यानं त्यांची पोटं बिघडायची असं सांगतात.

"बिघडत नाहीत, साफ होतात," आई. "म्हणजे पोट साफ करूनच लढाईला जात होते. शहाणे होते." त्या दिवसापासून हे विमान तिच्या दृष्टीनं घरचं झालं. मी तैलरंगातला गडद तपकिरी टर्पेंटाईनमध्ये पातळ करून पोटाखाली मागच्या दिशेला ओढत होतो, वर थोडी चकाकी, कारण एरंडेल काळं पडत नाही, तपकिरी आणि चिकट दिसतं, आणि ती मागं उभी राहून, "एवढंच? मी तुला याच्यापेक्षा जास्त पाजत होते." चाकांना चिखल लावायची वेळ आली तर खानापूरच्या शेतातली लाल माती घे म्हणून हट्ट. विमान फ्रान्सात उतरायचं, खानापुरात नाही, हे पटेना. शेवटी खडू आणि राख कुटून मी गुपचूप पांढरट चिखल केला, आणि आईची समजूत म्हणून लाल मातीची डबी टेबलावर उघडी ठेवून दिली.

विमान शोकेसमध्ये गेलं. ठिगळ लावलेलं, तेलकट, चिखलानं भरलेलं, वर्षभर लढून आलेलं. फडकं घेऊन फिरणाऱ्या हातांना मी कडक ताकीद दिली, आणि खरं सांगायचं तर आईनंच बाकीच्यांना दिली, "हात लावू नका, तेल हाय ते."

गेल्या रविवारी निपाणीचे मेहुणे आले. शोकेसपुढं थांबले, वाकून बघितलं, केवढ्याला पडलं विचारलं. मी किट, रंग, वार्निश, ब्रश सगळं धरून आकडा सांगितला.

"भावजी, फसवलं की तुम्हाला," मेहुणे म्हणाले. "एवढ्यात नवीन आलं असतं."