सदर पुस्तकाचे संपादन करण्यात आले

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाने दोन गोष्टी करू नयेत, असं आमचे एक साहेब म्हणत. सोसायटीचं चेअरमनपद घेऊ नये आणि आत्मचरित्र लिहू नये. चेअरमनपद मी टाळलं.

हस्तलिखित पुरं झाल्यावर चिरंजीव म्हणाले, "बाबा, छापण्याआधी एखाद्या संपादकाला दाखवा." माझी समजूत, संपादक म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ बघणारा. नारायण पेठेतल्या संपादक बाईंनी ती पहिल्याच फोनवर काढून टाकली. "काका, ते मुद्रितशोधकाचं काम. तो चुका काढतो, मी पानं काढते." त्यांचा दर शब्दावर. म्हणजे ज्या शब्दांवर त्या काट मारणार, त्यांचेही पैसे मीच मोजायचे. उभी हयात एस्टिमेटं तपासण्यात गेली, पण अशी आयडिया आमच्या एकाही ठेकेदाराला सुचली नव्हती.

मौज प्रकाशनाचे संपादक श्री. पु. भागवत यांच्याबद्दल मी ऐकून होतो. चांगल्या नावाजलेल्या लेखकांनाही ते सविस्तर पत्रं धाडून पुन्हा लिहायला लावत म्हणे. मोठा माणूस, वादच नाही. पण ते २००७ साली गेले, म्हणून मी निर्धास्त होतो. ती जातच संपली असणार, असा माझा हिशेब.

पहिलं प्रकरण परत आलं तेव्हा समासात माझ्यापेक्षा बाईंचाच मजकूर जास्त होता. 'तदनंतर चहा घेण्यात आला' या वाक्याखाली लाल रेघ आणि प्रश्न : 'कोणी घेतला?' मी फोनवर म्हटलं, मी घेतला. "मग 'मी चहा घेतला' असं लिहा की!" आता या मुलीला काय सांगायचं? सरकारी कागदावर कर्ता सापडला की त्याच्यामागे चौकशी लागते. म्हणून आमच्याकडे कालवे आपोआप फुटतात, पाण्याची आवर्तनं आपोआप लांबतात आणि निधी आपोआप परत जातो. इतक्या वर्षांची ही शिस्त एका चहासाठी मोडायची?

लग्नाच्या प्रकरणात मी सरळ, मोजकं लिहिलं होतं : 'सदर दिनांकी वधूपक्षाकडे समक्ष जाऊन पाहणी केली असता वधू सुस्थितीत आढळून आली.' समासात एकच ओळ : 'काकूंनी हे वाचलंय का?'

पानशेतचं प्रकरण तर अख्खं गेलं. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा मी लहान होतो, पण सगळं डोळ्यांसमोर आहे. बाई म्हणाल्या, "काका, माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठ पुणेकराच्या हस्तलिखितात पानशेत असतं, आणि प्रत्येकाच्या घरात पाणी बरोबर माळ्याच्या खाली एक वीत येऊन थांबलेलं असतं." आमच्याकडे खरोखरच तिथवर आलं होतं. आता इतरांकडेही आलं, त्याला मी काय करू?

शुद्धलेखनाचा त्रास वेगळाच. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ सालचे १४ नियम, १९७२ साली त्यात ४ ची भर, असे १८. आमच्या खात्याच्या परिपत्रकांपुढे ही संख्या काहीच नाही, पण परिपत्रक फिरवता येतं. इथे 'गरीब' दीर्घ, आणि त्या गरिबाला काही द्यायला जावं तर तो लगेच ऱ्हस्व! हा नियम करणारी माणसं नक्कीच वित्त विभागातून आली असावीत.

मग बाईंनी मर्मावर बोट ठेवलं. "काका, सबंध पुस्तकात काकू एकच वाक्य बोलतात. 'जेवून घ्या.'" मी म्हटलं, वस्तुस्थिती आहे. तेवढ्यात शेजारून हिने फोन काढून घेतला आणि दोघी तासभर बोलत बसल्या. त्या बोलण्यालाही शब्दावर दर लावला असता तर बाईंचं वर्षाचं भागलं असतं.

कापाकापीनंतर मजकूर दहा फर्मे भरून अकराव्यात जेमतेम चार पानं गेला. फर्मा सोळा पानांचा. उरलेली बारा पानं कोरी ठेवायची की भरायची, असं प्रकाशकाने विचारलं. मी तत्परतेने पानशेत सुचवलं. बाईंनी परस्पर काकूंना सुचवलं.

हिने आठवड्याभरात, दुपारची झोप मोडून, जुन्या डायरीच्या कोऱ्या पानांवर लिहून दिलं. तिथे ना 'सदर', ना 'उपरोक्त'. बाईंनी दोन वेलांट्या बदलल्या आणि बाकी जसंच्या तसं ठेवलं. टाइप होऊन आल्यावर मी चष्मा पुसून वाचायला बसलो. पहिलं वाक्य असं : 'हे मला बघायला आले, त्याच्या आठ दिवस आधी मी आणि माझी मावशी ह्यांच्या कचेरीसमोरच्या हॉटेलात बसून ह्यांना बघून आलो होतो, मावशी नको म्हणाली होती.'

ही बाब आजवर माझ्या निदर्शनास आणून देण्यात आली नव्हती. मी ताबडतोब खुलासा मागवला.

"खुलासा पुढच्या अकरा पानांत आहे," ही म्हणाली. "पुस्तक विकत घ्या."