'बट' म्हणजे नुसतं 'पण' नव्हे

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला सात-आठ जणांनी पाठवला. मी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेते. मराठी माध्यमातून शिकलेली, नोकरीच्या खटपटीत असलेली मुलंमुली वर्गाला येतात आणि मेसेज त्यांच्याकडूनच येत होता: "मॅडम, हे खरं का?" त्यात इंग्रजीतल्या 'बट' या शब्दाबद्दल पाच गोष्टी ठणकावून सांगितल्यात. बटचा अर्थ एकच, 'पण'. बटने वाक्य सुरू करणं ही व्याकरणाची चूक. 'ऑल्दो' आलं की पुढे बट हवंच. बटच्या आधी बोललेलं सगळं पुसलं जातं, ते खोटंच असतं. म्हणून यशस्वी माणसं बट टाकून 'अँड' वापरतात. या पाचातली एकही गोष्ट मेसेजमध्ये लिहिली आहे तशी खरी नाही.

अर्थ एकच, इथपासून सुरुवात करू. इंग्रजीतल्या कोर्टाच्या शपथेचा शेवट 'नथिंग बट द ट्रूथ' असा आहे. त्याचं 'काही नाही पण सत्य' असं भाषांतर कोणी करेल का? आपण 'सत्याशिवाय काही सांगणार नाही' असंच म्हणतो. 'शिवाय' हा अर्थ बटला मागाहून चिकटलेला नाही, उलट तोच आधीचा आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'बूटान' होता आणि त्याचा अर्थ होता 'बाहेर', 'वगळून', 'विना'. स्कॉटलंडमध्ये दोन खोल्यांच्या साध्या घराला 'बट अँड बेन' म्हणतात. बट म्हणजे बाहेरची खोली, बेन म्हणजे आतली, आपल्या ओसरी-माजघरासारखं. 'बाहेर'वरून 'वगळून' आणि 'वगळून'वरून 'पण', अशी या शब्दाची वाटचाल आहे.

ही वाट एकदा कळली की पाठांतराची गरज उरत नाही. 'लास्ट बट वन' म्हणजे शेवटून दुसरा. रांगेतल्या किंवा वॉर्डातल्या 'लास्ट बट वन' जागेवर जायला सांगितलं आणि माणूस थेट शेवटच्या जागेवर गेला, असं मी स्वतः पाहिलं आहे. काम 'ऑल बट फिनिश्ड' आहे म्हणजे संपल्यातच जमा आहे. 'एनिथिंग बट लेझी' म्हणजे बाकी काहीही म्हणा, आळशी मात्र म्हणू नका. 'बट फॉर यू' म्हणजे तू नसतास तर. 'ही इज बट अ चाइल्ड' या जरा जुन्या वळणाच्या वाक्यात बट म्हणजे 'केवळ'. यातल्या एकाही ठिकाणी 'पण' बसत नाही.

आणि जिथे विरोधच दाखवायचा असतो, तिथेही 'पण' नेहमी चालत नाही. 'शी इज नॉट अ नर्स बट अ डॉक्टर' हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. निम्मा वर्ग उत्तर देतो, 'ती नर्स नाही पण डॉक्टर आहे.' हे मोठ्याने म्हणून पाहा. नर्स नसल्याची उणीव तिने डॉक्टर होऊन भरून काढली, असं काहीतरी ऐकू येतं. मराठी माणूस सहज बोलताना म्हणेल, 'ती नर्स नसून डॉक्टर आहे', किंवा 'नर्स नव्हे, डॉक्टर आहे'. आधीचं खोडून दुसरं ठेवायचं ते 'नसून', आणि आधीचं मान्य करून वळण घ्यायचं ते 'पण', हा भेद आपली भाषा शब्दांतच दाखवते. जर्मनमध्ये त्यासाठी 'झोंडर्न' आणि 'आबर' असे दोन शब्द आहेत, स्पॅनिशमध्ये 'सिनो' आणि 'पेरो'. इंग्रजी दोन्हीकडे बटवरच भागवते. उलट 'मी पण येते' मधल्या 'पण'चा बटशी काही संबंध नाही. तिथे 'टू' किंवा 'ऑल्सो' लागतं.

दुसरा दावा: वाक्य बटने सुरू करू नये. मग 1611 साली छापलेल्या इंग्रजी बायबलचं काय करायचं? मत्तयच्या पाचव्या अध्यायात 'बट आय से अन्टू यू' ही सुरुवात पुन्हा पुन्हा येते आणि त्या वचनांचं सगळं बळ त्या बटमध्येच आहे: तुम्ही आजवर असं ऐकलंत, पण मी तुम्हाला सांगतो. अमेरिकेच्या 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात बटने सुरू होणारं वाक्य आहे. लिंकन यांच्या 1863 च्या गेटिसबर्गच्या अडीच-तीन मिनिटांच्या भाषणातही आहे. संपादकांच्या टेबलावर असणारं 'शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल' तर या समजुतीला इतिहासाचा किंवा व्याकरणाचा काही आधार नाही असं सरळ सांगतं. लहान मुलं प्रत्येक वाक्य 'अँड' नाहीतर 'बट'ने सुरू करतात, ते थांबवायला कोणी शिक्षकांनी हा नियम घातला असावा, असं मला वाटतं. सवय मोडायचा उपाय म्हणून तो ठीकच होता. तपासणारा कडक असेल तर परीक्षेत 'हाउएव्हर' लिहा, माझी हरकत नाही, पण बटला चूक म्हणू नका.

तिसऱ्या दाव्यात तर नियमच उलटा सांगितलाय. आपल्याला 'जरी'नंतर 'तरी' लागतं, म्हणून 'ऑल्दो'नंतर हात आपोआप बटकडे जातो. आजच्या प्रमाण इंग्रजीत मात्र दोघांपैकी एकच घ्यायचं. 'ऑल्दो इट रेन्ड, वी वेन्ट' म्हटलं की वाक्य पूर्ण झालं.

चौथा दावा सर्वात जास्त पसरलाय, कारण त्यात अनुभवाचा अंश आहे. 'तुझं काम छान आहे, पण...' ऐकलं की पोटात गोळा येतो, हे मीही नाकारत नाही. बटनंतर येतं त्याला वजन मिळतं. तरी वजन मिळणं वेगळं आणि आधीचं पुसणं वेगळं. भाड्याची खोली बघून आलेल्या दोघींचं ऐका. एक म्हणते, 'खोली हवेशीर आहे पण लहान आहे.' दुसरी म्हणते, 'लहान आहे पण हवेशीर आहे.' दोघींनी त्याच दोन गोष्टी सांगितल्या आणि दोन्ही खऱ्याच आहेत. तरी पहिली दुसरी खोली शोधणार आणि दुसरी सामान बांधायला लागणार, हे आपल्याला लगेच कळतं. तर्कशास्त्रज्ञ फ्रेगे यांनी 1918 मध्ये नेमकं हेच मांडलं होतं: 'आणि'च्या जागी 'पण' आल्याने विधानाचं खरेखोटेपण बदलत नाही, पुढचं अपेक्षेविरुद्ध आहे एवढाच इशारा मिळतो.

याहून ठळक पुरावा कायद्यात आहे. हुंडाबळीच्या गुन्ह्याची शिक्षा भारतीय दंड संहितेच्या कलम 304-ब मध्ये होती, आता ती भारतीय न्याय संहितेच्या कलम 80 मध्ये आहे. इंग्रजी मजकूर सांगतो की शिक्षा सात वर्षांपेक्षा कमी असणार नाही, 'बट' ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकेल. बटच्या आधीचं पुसलं जात असतं तर ती सात वर्षांची किमान मर्यादाच उडाली असती. ज्ञानेश्वरांनी आपला बोल मराठाच आहे असं म्हणून पुढे 'परि' लिहिलं आणि तो अमृताशीही पैज जिंकेल असं सांगितलं. त्या 'परि'ने मराठी पुसली का?

पाचवा दावा, बटऐवजी अँड, मला सर्वात जास्त लागला, कारण त्याचा फटका माझ्या वर्गातल्या एका मुलीला बसला. तिची मुलाखत होती. अनुभव विचारल्यावर ती म्हणाली, 'आय हॅव नो एक्सपिरियन्स अँड आय लर्न फास्ट.' समोरच्याने वर पाहिलं, क्षणभर थांबला आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला. तिला कळेना काय चुकलं. व्याकरणात तर काहीच चुकलं नव्हतं. दोन गोष्टी तिने शेजारी शेजारी ठेवल्या, मात्र पहिलीवरून दुसरीकडे ऐकणाऱ्याला नेलंच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तेच उत्तर फळ्यावर लिहिलं. मी 'अँड' पुसून खडू तिच्या हातात दिला. तिने त्या जागी बट लिहिलं, वाक्य मोठ्याने वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि 'लर्न फास्ट'वर जोर आपोआप आला.