कादंबरी आठवते ती अडचणीत सापडल्यावर

संभाजीराजांवरचा 'छावा' हा चित्रपट 14 फेब्रुवारी 2025 रोजी प्रदर्शित झाला. त्याला बराच काळ लोटला, तरी शाळेतल्या मित्रांच्या आमच्या व्हॉट्सॲप गटात तो विषय संपायचे नाव घेत नाही. औरंगजेबाची कबर असलेल्या खुलताबादचे नाव बातमीत आले की कोणीतरी तेच पुन्हा उकरून काढतो. परवा एकाने लिहिले, की ज्याला तो शेवट पाहताना रडू आले नाही त्याने स्वतःला मराठी म्हणवून घेऊ नये. मी एवढेच विचारले, की शिवाजी सावंतांच्या 'छावा' याच नावाच्या कादंबरीतले या चित्रपटात नेमके काय उतरले आणि काय बाहेर राहिले, यावर आपल्यापैकी कोणी काही बोलणार आहे का. उत्तर आले, "तू तिकडं स्टुटगार्टात बसून आम्हाला अक्कल शिकवू नको." त्याखाली अंगठ्यांची रांग लागली.

हा शेरा मला नवा नाही. जायकवाडीच्या पाण्यावर बोलावे, कापसाच्या भावावर बोलावे, शेरा ठरलेलाच असतो. या वेळी मात्र तो लागला, कारण माझा प्रश्न परदेशातला नव्हता. बीडच्या किंवा परभणीच्या कोणत्याही वाचकाला तो पडायला हवा होता. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत कादंबरीचे नाव आहे. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी ती आधार म्हणून घेतली हे त्यांनी स्वतः वारंवार सांगितले आहे. असे असताना माझ्या वाचनात आलेल्या परीक्षणांत काय होते? विकी कौशल आणि अक्षय खन्ना यांची वाहवा, ए. आर. रहमान यांच्या संगीताला तो काळ सापडला नाही ही तक्रार, पूर्वार्ध रेंगाळतो, रश्मिका मंदानाचे उच्चार खटकतात, छळाचे प्रसंग लांबवले आहेत. प्रेक्षकांनी या परीक्षणांना देशद्रोहापासून जळफळाटापर्यंत सगळी विशेषणे लावली. 1979 सालची ती जाडजूड कादंबरी पुढ्यात घेऊन दोन्ही पक्षांतले कोणी बसलेले मला दिसले नाही.

बसले असते तर बोलण्यासारखे पुष्कळ होते. संभाजीराजांचे आयुष्य कादंबरीकाराला का खुणावत असेल याचा जरा विचार करावा. वयाच्या नवव्या वर्षी वडिलांबरोबर आग्र्याला गेलेला, तिथून निसटताना मथुरेत मागे ठेवलेला मुलगा. 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ रचणारा युवराज. घरातल्या कलहाने पोळलेला, 1678 साली दिलेरखानाच्या छावणीत गेलेला आणि परत आलेला तरुण. वडील रायगडावर अखेरचा श्वास घेत असताना पन्हाळ्यावर अडकून पडलेला मुलगा. या माणसाला आतून ओळखायचे तर कादंबरीसारखे ऐसपैस साधनच हवे. चित्रपट सुरू होतो तो बुऱ्हाणपूरच्या लुटीपासून, म्हणजे 1681 सालापासून. नायक पडद्यावर येतो तो घडून, पूर्ण होऊनच. घडताना तो आपल्याला दिसत नाही. अडीच तासांच्या चित्रपटाला काहीतरी सोडावेच लागते हे मला मान्य आहे. पण हे सोडले म्हणून ते छळाचे प्रसंग इतके लांब करावे लागले का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, आणि तो विचारल्याने महाराजांचा अवमान होत नाही.

गंमत अशी, की कादंबरीची आठवण सगळ्यांना झाली ती अडचण आली तेव्हाच. ट्रेलरमधल्या लेझीम नृत्यावर जानेवारीत गदारोळ उठला, दिग्दर्शक राज ठाकरे यांना भेटून आले आणि ते दृश्य वगळले गेले. पुढे चित्रपटात फितूर दाखवलेल्या गणोजी आणि कान्होजी शिर्के यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला, तेव्हा दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली आणि चित्रपटात आडनाव घेतलेले नाही, नुसती नावे घेतली आहेत असे सांगितले. दर वेळी कादंबरी पुढे झाली ती ढालीसारखी. सावंत 2002 साली गेले. त्यांना कोणी विचारायला जाणार नव्हते. इतिहास म्हणून गल्ला भरायचा आणि हरकत आली की साहित्याकडे बोट दाखवायचे, हा व्यवहार वाचकाला खटकायला हवा होता.

इथे जर्मनीत असे होत नाही, असे मी गटात लिहिले आणि उदाहरणही दिले. 2022 साली एडवर्ड बर्गर यांनी रेमार्क या जर्मन लेखकाच्या, पहिल्या महायुद्धावरच्या 'इम वेस्टन निश्त्स नॉयस' (पश्चिमेकडे नवे काही नाही) या कादंबरीवर चित्रपट केला. जगाने त्याला डोक्यावर घेतले. बाफ्टाची सात आणि ऑस्करची चार पारितोषिके त्याने नेली. जर्मनीतले समीक्षक मात्र संतापले होते, आणि त्यांचा संताप कादंबरीच्या बाजूने होता. नायक रजेवर घरी येतो आणि आपल्याच घरात परका होतो, हे कादंबरीतले सर्वांत दुखरे प्रकरण चित्रपटात नाहीच. शस्त्रसंधीच्या वाटाघाटी बाहेरून आणून जोडल्या आहेत. मूळ कादंबरीत नायक पाउल 1918 च्या ऑक्टोबरात मरतो, आणि तो दिवस इतका शांत असतो की सैन्याच्या अहवालात पश्चिमेकडे नवे काही नाही एवढेच नोंदवले जाते. चित्रपटात तो शस्त्रसंधीला काही मिनिटे उरलेली असताना एका भीषण हल्ल्यात मरतो. मग त्या शीर्षकाला अर्थ काय उरला, असे इथल्यांनी विचारले. माझ्या मुलीने ती कादंबरी शाळेत वाचली होती. तिच्या वर्गात यावर दोन तास वाद झाला. कँटीनमध्ये, एस-बान या लोकल गाडीत लोक त्यावर बोलत होते. ऑस्कर मिळाले म्हणून कोणी गप्प बसले नाही, आणि टीका केली म्हणून कोणाचे जर्मनपण तपासले गेले नाही.

हे सगळे मी जरा ऐटीतच लिहिले होते. माझा एक सहकारी ओस्नाब्र्युकचा, म्हणजे रेमार्कच्याच गावचा आहे. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला आमच्या गटातला वाद सांगितला, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, की याच कादंबरीवरचा पहिला चित्रपट बर्लिनमध्ये लागला तेव्हा काय झाले ते तुझ्या मित्रांना सांगू नकोस. डिसेंबर 1930 मध्ये नोलेनडॉर्फप्लाट्झच्या चित्रपटगृहात नाझी प्रचारप्रमुख गोबेल्सची माणसे तिकिटे काढून बसली. त्यांनी दुर्गंधीचे बॉम्ब फोडले, पांढरे उंदीर सोडले, आणि आठवडाभरात सरकारने त्या चित्रपटावर बंदी घातली. जर्मन सैनिकाची बदनामी होते, हे कारण. 1933 साली पुस्तकही जाळले गेले. मी त्याच्या सल्ल्याप्रमाणे हे गटात सांगितले नाही. सांगितले असते, तरी माझे म्हणणे सोडले नसते: ज्यांनी ते पाहिले आणि भोगले, त्यांची नातवंडे आज वर्गात बसून कादंबरीचा शेवट का बदलला म्हणून भांडतात, हीच तर माझी बाजू आहे. शिवाय आपल्याकडेही हे जमत होतेच. 'नटरंग' आला तेव्हा आनंद यादवांची कादंबरी वाचलेले लोक होते, 'शाळा' आला तेव्हा मिलिंद बोकिलांचे वाचक होते, 'दुनियादारी'तल्या बदलांवर सुहास शिरवळकरांच्या चाहत्यांनी मनसोक्त नाके मुरडली. त्या वेळी कोणी कोणाच्या निष्ठेचे प्रमाणपत्र मागितले नव्हते.

मी चित्रपट कसा पाहिला हेही सांगायला हवे. रविवारी दुपारचा खेळ होता, सभागृह मराठी माणसांनी भरले होते, आणि नेहमीप्रमाणे गोड पॉपकॉर्न घेऊन आलेली मुले तोंड वाकडे करत होती. मराठी कादंबरी हिंदीतून ऐकायची आणि खाली इंग्रजीतून वाचायची, असा तो प्रकार. माझ्या शेजारी धाराशिवचा एक तरुण होता. सिंडेलफिंगनला नोकरी करतो. पूर्वार्धात तो मला दादा दादा करत एकेका किल्ल्याची माहिती देत होता. मध्यंतरानंतर त्याचे बोलणे थांबले, आणि साखळदंडांचे दृश्य आले तेव्हा त्याने माझे मनगट घट्ट धरले. चित्रपट संपल्यावर मागून कोणीतरी घोषणा दिली, आणि तिला "जय" म्हणणाऱ्यांत माझा आवाज बारीक नव्हता. दारातून डोकावून पाहणारा तिथला कर्मचारी पोरगा चांगलाच बावरला. तेव्हा रडू येणे न येणे याबद्दल मला कोणी विचारू नये. आलेल्या रडण्याने चित्रपट चांगला ठरतो, एवढेच मला मान्य नाही. पार्श्वसंगीत कानठळ्या बसवत असताना आणि परक्या देशात आपल्या राजाचे नाव ऐकायला मिळत असताना कोणाला भरून येणार नाही?

त्यात माझे गाव म्हणजे या गोष्टीचे नुसते प्रेक्षागृह नव्हे. श्रावणातल्या शनिवारी आम्ही शहरातून रात्री निघून भद्रा मारुतीला पायी जायचो. त्याच खुलताबादेत झैनुद्दीन दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची कबर आहे: वर छप्पर नाही, भोवती संगमरवरी जाळी, मध्ये मातीत सब्जाचे रोप. मलिक अंबरही त्याच गावात पुरलेला आहे. तिथून पुढे वेरूळ, म्हणजे मालोजीराजांचे, भोसल्यांच्या पाटिलकीचे गाव. आम्ही मारुतीचे दर्शन घेऊन भजी खायचो आणि एसटीने परत यायचो. कबरीवरून कोणी कोणाशी भांडल्याचे मला आठवत नाही. भांडणे नव्हती असे नाही. आमच्या शहराला दंगली माहीत होत्या. पण कबर हा त्यांचा विषय नव्हता. मार्च 2025 मध्ये मात्र त्या कबरीवरून नागपुरात दंगल झाली, एक जीव गेला, खुलताबादेत पोलीस आणि पत्रे आले, आणि चित्रपटामुळे लोकांच्या भावना पेटल्या असे खुद्द मुख्यमंत्री विधानसभेत म्हणाले. एखाद्या चित्रपटाचे हे परीक्षण मानायचे असेल, तर यापेक्षा गंभीर परीक्षण मी वाचलेले नाही.

आणि शहराचे नाव. पासपोर्टवर माझे जन्मस्थान औरंगाबाद आहे. 2023 नंतर भावाने काढून पाठवलेल्या कागदांवर छत्रपती संभाजीनगर आहे. इथल्या कचेरीतल्या बाईंनी दोन्ही कागद समोर ठेवून शांतपणे विचारले, की आपला जन्म नेमका कुठे झाला. मी खलनायक आणि नायक या दोघांची गोष्ट त्यांना सांगू लागलो. त्यांना शिक्क्याचे पत्र हवे होते. गटातले मित्र एका नावाचे आहेत किंवा दुसऱ्याचे; मी दोन्ही नावे घेऊन रांगेत उभा राहतो, आणि कदाचित म्हणूनच हा चित्रपट मला त्यांच्यापेक्षा जास्त छळतो. हे त्यांना कळत नाही, याचा राग मी कादंबरीच्या नावाने काढतो असे माझी बायको म्हणते. तिचे म्हणणे खोडून काढणे मला जमलेले नाही.

तरीही कादंबरीचा मुद्दा मी सोडणार नाही, त्याला आणखी एक कारण आहे. चित्रपट लागण्याच्या तीन दिवस आधी, 11 फेब्रुवारीला, आमच्याच शहरात कादंबरीकार रा. रं. बोराडे गेले. गटात हात जोडलेली काही चित्रे आली आणि लगेच तिकिटांची चौकशी सुरू झाली. बोराडे सरांची 'पाचोळा' मी इकडे येताना सामानात आणली होती. गंगाराम शिंप्याच्या घराची पडझड त्याची बायको पार्वती आपल्या बोलीत सांगते. तलवार नाही, सिंहासन नाही, घोषणा द्यायला जागा नाही. ही कादंबरी मला पडद्यावर पाहायची आहे. पार्वती कोणी करावी, तिचे स्वगत ठेवावे की प्रसंगांत मोडावे, शेवट तसाच ठेवावा का, यावर त्या गटात रात्रभर भांडण व्हावे आणि कोणी कोणाचा धर्म, जात, पत्ता काढू नये. माझी मुलगी मराठी बोलते ती पुस्तकी. माझ्याही जिभेवर ती बोली आता पूर्वीसारखी वळत नाही. पण पडद्यावरच्या पार्वतीच्या तोंडी तिची एक मात्रा जरी चुकली, तरी पहिली हरकत स्टुटगार्टातून येईल.