पुतळा हलवायचा तर दुपारी बारा वाजता हलवा

सरकारी इमारतीत पुतळा कुणाचा, यापेक्षा तो कुणी आणि कसा ठरवला यावर मी जास्त भांडेन. (पुण्यात राहतो, भांडणार तर आहेच.)

लाल महालाचं बघा. दादोजी कोंडदेव शिवरायांचे गुरू होते की नव्हते, तो वाद इथे नको. तिथला त्यांचा पुतळा हलवायचा ठराव महापालिकेच्या मुख्य सभेत रीतसर झाला होता. मग अंमलबजावणी २७ डिसेंबर २०१० च्या पहाटे, गाव झोपेत असताना का? कायदा-सुव्यवस्थेचं कारण मला पटत नाही. सभागृहात हात वर करून मत देता येतं, तर भर दुपारी क्रेनही आणता येते. अंधारात केलं की योग्य निर्णयही चोरीसारखा दिसतो. २०१७ मध्ये संभाजी उद्यानातला नाटककार राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा मुठेत फेकला, तिथे तर ठरावबिराव काहीच नाही. टोळक्याने ठरवलं, झालं.

अमेरिकेच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे संसद भवनात, प्रत्येक राज्याचे पुतळे दोनच. बदलायचा तर राज्याच्या विधिमंडळाचा ठराव हवा, गव्हर्नरची मंजुरी हवी, आणि जुना पुतळा किमान दहा वर्षं तिथे उभा राहिलेला हवा. फ्लोरिडाने गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनापतीला काढून मेरी मॅक्लिओड बेथ्यून या कृष्णवर्णीय शिक्षिकेला आणलं. २०१६ ला कायदा केला, पुतळा बसला २०२२ ला. रटाळ वाटेल, पण सहा वर्षं ज्याला बोलायचं होतं त्याला बोलता आलं. शिवाय दोनच जागा म्हटल्यावर निवड करावीच लागते. आपल्याकडे कुणी नाराज झालं की शेजारी आणखी एक चौथरा!

आमच्या पालिकेत मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षं निवडून आलेले नगरसेवकच नव्हते, सरकारी प्रशासकच मुख्य सभा होते. अशा काळात पुतळ्यांचे विषय घेऊच नयेत. एरवीही विषय आधी छापा, हरकती मागवा, ऐनवेळचा विषय म्हणून घुसवू नका. आणि देखभाल कुठल्या खात्याकडे, तेही त्याच ठरावात लिहा. एका कचेरीत जिन्याखाली अर्धपुतळा आहे. जयंतीच्या हाराची फुलं कधीच झडलीत, गळ्यात नुसता दोरा उरलाय. मागे फरशी पुसायची बादली. साहेबांच्या केबिनला मात्र नवे पडदे.

देखभालीला पैसे कुठून आणायचे, असं कुणी विचारलं तर आधी अनावरणाच्या मांडवाचं बिल मागवा.